घशातल्या गाठी : काढाव्यात की राखाव्यात?



शाळेच्या हजेरीपटावरून नजर फिरवली की काही मुलांच्या नावापुढे ठराविक अंतराने गैरहजेरीच्या खुणा दिसतात. दोन दिवस, तीन दिवस, पुन्हा महिन्याभराने तीन दिवस. गुरुजींनी विचारले तर उत्तर एकच येते, "घसा धरला होता, ताप होता." घरी आई म्हणते, "ह्याच्या गाठी वाढतात हो सारख्या." शेजारीण सांगते, "काढून टाका की एकदाच्या! आमच्या भाचीच्या काढल्या, सुटली बिचारी." आणि आजी म्हणते, "कापाकापी काही नको. देवानं गाठी दिल्यात त्या उगीच दिल्या असतील का?" बाप बिचारा या तिघींच्या मधे उभा राहतो.

यांत खरे कोणाचे? थोडे आजीचे खरे आहे आणि थोडे शेजारणीचे. कोणते कुठे लागू पडते, एवढेच आपल्याला आज नीट समजून घ्यायचे आहे. कारण या बाबतीत दोन्हीकडून चूक होऊ शकते. गरज नसताना गाठी काढल्या तर मूल विनाकारण एका शस्त्रक्रियेतून जाते. आणि "गाठीच आहेत, जातील" म्हणून घसादुखीकडे काणाडोळा केला, तर एखाद्या मुलाचे हृदय जन्माचे दुखावते.

प्रथम या गाठी म्हणजे काय ते पाहू. मुलाला उजेडाकडे तोंड करून उभे करा, चमच्याच्या दांड्याने जीभ हलकेच खाली दाबा आणि 'आ' म्हणायला सांगा. मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना, घशाच्या कमानीच्या आत, बदामाच्या आकाराचे लालसर मांसल उंचवटे दिसतात. हेच टॉन्सिल. आपण त्यांनाच घशातल्या गाठी म्हणतो. पुष्कळ जण पडजिभेलाच टॉन्सिल समजतात, ते बरोबर नाही. अशीच एक गाठ नाकाच्या मागे, टाळूच्या वर असते. तिला ॲडिनॉइड म्हणतात. ती आरशात दिसत नाही. जिभेच्या मुळाशीही असेच मांस असते. या सर्वांचे मिळून घशाभोवती एक कडेच तयार होते. वाल्डायर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८८४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

गावाच्या वेशीवर चौकी असते ना, तसे हे कडे आहे. श्वासाबरोबर आणि घासाबरोबर जे जंतू आत येतात, त्यांची पहिली गाठ या चौकीशी पडते. टॉन्सिलच्या अंगावर खोल खाचा असतात. त्यांत जंतू अडकतात आणि शरीर त्यांची ओळख करून घेते, म्हणजे पुढच्या वेळी त्यांच्याशी सामना द्यायला ते तयार राहते. लहानपणी रोज नवनवे जंतू भेटतात, म्हणून या गाठींना काम फार. साधारण चार ते आठ वर्षांच्या वयात त्या सर्वांत मोठ्या दिसतात आणि वयात आल्यानंतर आपोआप बारीक होत जातात. तेव्हा सहा वर्षांच्या मुलाच्या गाठी मोठ्या दिसल्या, एवढ्यावरून तो रोग ठरत नाही. मोठी गाठ निराळी आणि आजारी गाठ निराळी. ही पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा.

आता घसा दुखतो कशाने? शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या चिंचा-बोरेवाल्या म्हातारीवर आपण सगळा दोष टाकून मोकळे होतो. चिंच, कैरी, बर्फाचा गोळा यांनी घसा खवखवेल, पण टॉन्सिलचा ताप येतो तो जंतूंमुळे. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते. तिच्याबरोबर नाक वाहते, खोकला असतो, आवाज बसतो, कधी डोळे लाल होतात. ही चार-सहा दिवसांत आपली आपण बरी होते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, पेज, विश्रांती आणि तापावर पॅरासिटामॉल, एवढे पुरे. अशा दुखण्यावर जंतुनाशक औषधांचा काहीच उपयोग होत नाही. दुकानातून चार गोळ्या आणून दिल्या आणि मूल बरे झाले, तर ते गोळ्यांनी झाले असे मानू नका. ते तसेही होणारच होते.

पण काही दुखणी स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे होतात. मुलांच्या घसादुखीत साधारण चारात एक या जंतूची असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत ही अधिक. हिची चाल वेगळी. ताप एकदम चढतो, घोट गिळताना घसा कापल्यासारखा दुखतो, जबड्याच्या कोनाखाली अवधाण येते आणि दाबले तर दुखते, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात; मात्र सर्दी-खोकला बहुधा नसतो. अशा वेळी मुलाला दवाखान्यात नेलेच पाहिजे.

का नेले पाहिजे, ते सांगतो. या जंतूशी लढताना काही मुलांच्या शरीराची गफलत होते. जंतूवर उगारलेले शस्त्र स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर पडते. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटतात, सगळे विसरून जातात, आणि मग गुडघा सुजतो. तो उतरतो तोच घोटा धरतो, मग कोपर. हा सांधेज्वर. सांधे पुढे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा आखडतात त्या तशाच राहतात. डॉक्टर मंडळींत जुनी म्हण आहे, की हा रोग सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. पुढे तीच मुलगी लग्न होऊन सासरी जाते, बाळंतपणाच्या वेळी तिला धाप लागते, आणि तेव्हा कळते की लहानपणीच्या घसादुखीने घात केला होता.

शिक्षक बंधुभगिनींना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सांधेज्वराचा एक प्रकार असा आहे की त्यात मुलाचे हातपाय आपोआप झटके घेतात. पाटी-पेन्सिल हातातून पडते, अक्षर एकाएकी बिघडते, तोंड वेडेवाकडे होते. वर्गात असे मूल 'खोडकर' किंवा 'धांदरट' ठरते आणि बोलणी खाते. कालपर्यंत ज्याचे अक्षर चांगले होते त्याचे आज कोंबडीचे पाय झाले, तर छडी बाजूला ठेवा आणि त्याच्या आईबापांना बोलावून मुलाला डॉक्टरकडे पाठवा.

हा सांधेज्वर टाळता येतो, हे मोठे समाधान. १९४९-५० साली अमेरिकेतील वायोमिंग प्रांतातल्या विमानदलाच्या छावणीत घसा धरलेल्या जवानांना पेनिसिलिन देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्यात सांधेज्वर फारच थोड्यांना झाला. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी हृदय वाचते, असे पुढे दिसून आले. तोंडाने घ्यायचे असेल तर ते पुरे दहा दिवस घ्यावे लागते. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून औषध बंद करणे म्हणजे चोर अंगणात असताना दार उघडे टाकून झोपण्यासारखे आहे. दहा दिवस गोळ्या चुकणार नाहीत असा भरवसा नसेल, तर डॉक्टर एकच लांब पल्ल्याचे इंजेक्शन देतात. पेनिसिलिन काहींना मानवत नाही; पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या असतील तर तसे आधी सांगावे.

आणखी दोन दुखणी ओळखून ठेवा, कारण त्यांत एक रात्रही दवडता येत नाही. पहिले घटसर्प. टॉन्सिलवर राखी रंगाचा, चिकट पडदा धरतो, पुसायला गेले तर रक्त येते, मान बैलासारखी सुजते. यावर खरा उपाय लसीचा. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लस मिळते, पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांच्या वयात पुन्हा, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी शेवटची. मोठ्या मुलांच्या लसी हमखास राहून जातात, तेव्हा शाळेतच विचारपूस झालेली बरी. दुसरे दुखणे म्हणजे टॉन्सिलच्या मागे पू होणे. एकाच बाजूला भयंकर ठणका, तोंड उघडत नाही, लाळ गळते, बोलणे तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे येते. हा पू इस्पितळातच काढावा लागतो. घरी बोटाला हळद, चुना किंवा राख लावून गाठी दाबणे वा फोडणे हा प्रकार कधीही करू नका. त्याने रक्त येते, जंतू खोल जातात, आणि मूल घाबरते ते वेगळेच.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. घसा वारंवार धरतो, तर गाठी काढून टाकाव्यात का?

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत 'तुंडिकेरी' आणि 'गिलायु' अशा नावांनी घशातल्या या रोगांचे वर्णन आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन ग्रंथकाराने बोटाने सोडवून गाठी काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. पुढे भूल देण्याची विद्या आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तर या शस्त्रक्रियेचे पेवच फुटले. दात आणि टॉन्सिल यांत दडलेले जंतूच शरीरातल्या निम्म्या रोगांचे मूळ, अशी त्या वेळी डॉक्टरांचीच समजूत होती. त्यामुळे मूल बारीक आहे, काढा गाठी. अभ्यासात मागे आहे, काढा गाठी!

त्या काळातली एक हकीकत ऐका. १९३४ साली न्यूयॉर्क शहरात शाळेतल्या अकरा वर्षांच्या एक हजार मुलांची पाहणी झाली. त्यांतल्या सहाशेहून अधिक मुलांच्या गाठी आधीच काढलेल्या होत्या. उरलेल्यांना शाळेच्या डॉक्टरांनी तपासले; त्यांनी जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना 'गरज नाही' म्हटले, त्यांना दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभे केले. त्यांनीही जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया सांगितली. त्यांतूनही सुटलेली मुले तिसऱ्या डॉक्टरांपुढे नेली, तर पुन्हा तोच प्रकार! शेवटी हजारांत अवघी पासष्ट मुले उरली, की ज्यांना कोणीच 'गाठी काढा' म्हटले नाही. म्हणजे नुसते तोंडात पाहून निकाल द्यायचा म्हटले, तर निकाल मुलाच्या घशावर नव्हे, तर पाहणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून राहतो.

इंग्लंडातही तेच. लंडनजवळच्या हॉर्नसी गावात १९२८ साली शाळेतल्या १८६ मुलांच्या गाठी काढल्या गेल्या. पुढच्या वर्षी शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले आणि हा आकडा एकदम बारावर आला. मुलांचे काही वाईट झाले नाही. डॉक्टर ग्लोव्हर यांनी १९३८ साली हे सारे आकडे पुढे मांडले, तेव्हा विचारी माणसांचे डोळे उघडले. त्यातच पोलिओच्या साथीत नुकत्याच गाठी काढलेल्या मुलांना त्या रोगाचा फार वाईट प्रकार होतो असे दिसले, आणि साथीच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया थांबवू लागले. आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, त्यामुळे ती भीती आज राहिलेली नाही. पण शरीराचा कोणताही भाग उगीच काढू नये, हा धडा मात्र राहिला.

मग आजचा निकष कोणता? तो पाहण्याचा नाही, मोजण्याचा आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे डॉक्टर पॅरडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मुलांची नोंद ठेवून १९८४ साली जो निष्कर्ष मांडला, त्यावरून हा हिशेब रूढ झाला. तो पाठ करायला सोपा आहे : सात, पाच, तीन. मागच्या एका वर्षात सात वेळा किंवा अधिक. किंवा लागोपाठ दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा. किंवा लागोपाठ तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घसा धरला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. मात्र प्रत्येक वेळचे दुखणे खरेखुरे हवे. घसादुखीबरोबर १०१ अंशांच्या वर ताप, किंवा मानेत दुखरे अवधाण, किंवा टॉन्सिलवर पांढरे डाग, किंवा तपासणीत स्ट्रेप्टोकॉकस सापडलेला, यांपैकी एक तरी गोष्ट असली पाहिजे. सर्दीबरोबर खवखवणारा घसा या हिशेबात धरायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, आमच्या पोराचा तर महिन्यातून दोनदा धरतो!" धरतही असेल. पण आठवण फसवी असते. याच डॉक्टरांनी १९७८ साली एक गंमत दाखवून दिली. ज्यांचा घसा फार वेळा धरतो असे आईबापांनी सांगितले, पण लेखी नोंद नव्हती, अशा पासष्ट मुलांवर त्यांनी पुढे लक्ष ठेवले. सांगितल्याइतका त्रास खरोखर निघाला तो केवळ अकरा मुलांना. आईबाप खोटे बोलत नव्हते. रात्रभर तापलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला दोन दुखण्यांमधले अंतर कमीच वाटणार! शिवाय पुष्कळ मुलांचा त्रास वयाबरोबर आपोआप कमी होतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. एक वही घाला. घसा धरला की तारीख लिहा. ताप किती, सर्दी-खोकला होता की नव्हता, डॉक्टरांनी पाहून काय सांगितले, औषध कोणते व किती दिवस घेतले, शाळा किती दिवस बुडाली, एवढे पाच रकाने पुरेत. आईला लिहिता येत नसेल तर घरातली मोठी मुलगी लिहील, नाहीतर गुरुजी लिहितील. ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर तुमचे आणि त्यांचे दोघांचेही काम अर्धे होते. आकडा भरत नसेल तर थांबावे. थांबणे म्हणजे काही न करणे नव्हे. प्रत्येक वेळी नीट उपचार करायचा आणि नोंद ठेवायची. ज्यांचा त्रास बेताचा आहे अशा मुलांत शस्त्रक्रियेने होणारा फायदा फारच थोडा, असे पुढच्या तपासात दिसून आले आहे. आकडा भरला तरी शस्त्रक्रिया सक्तीची नाही. ती एक वाट आहे. ज्यांना त्रास फार असतो त्यांची पहिली दोन वर्षे तरी बरीच सुखाची जातात, शाळा कमी बुडते. मात्र घसा पुन्हा कधी दुखणारच नाही असे नाही. सर्दीची घसादुखी चालूच राहते.

मोठ्या माणसांचेही थोडे सांगतो. इंग्लंड-स्कॉटलंडमधील २७ रुग्णालयांत ४५३ मोठ्या माणसांवर झालेल्या एका तपासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गाठी काढल्या त्यांचा घसा दोन वर्षांत साधारण २३ दिवस दुखला, ज्यांनी वाट पाहिली त्यांचा ३० दिवस. शस्त्रक्रियेनंतरची दुखणीही त्या २३ दिवसांत धरलेली आहेत. म्हणजे फायदा आहे, पण डोंगराएवढा नाही.

काही वेळा हा आकडा बाजूला ठेवावा लागतो. टॉन्सिलमागे पुन्हा पुन्हा पू होत असेल, किंवा मुलाला बरीचशी जंतुनाशके मानवतच नसतील, तर डॉक्टर लवकर निर्णय घेतात. एकच गाठ वाढत चालली असेल, विशेषतः मोठ्या माणसात, तर तीही दाखवावी. आणि दुसरे मोठे कारण म्हणजे झोपेत श्वास अडणे. मूल रोज मोठ्याने घोरते, तोंड उघडे टाकून झोपते, मधेच श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो, मोठे झाले तरी अंथरूण ओले करते, दिवसा वर्गात पेंगते किंवा चिडचिड करते. अशा मुलाच्या गाठी आणि नाकामागची ॲडिनॉइड यांनी वाट अडवलेली असते. इथे घसा किती वेळा धरला हे विचारायचे नाही. कानघशाच्या डॉक्टरांना दाखवायचे. गुरुजी, तुमच्या वर्गात पेंगणारा विद्यार्थी आळशीच असेल असे नाही. रात्रभर तो श्वासासाठी झगडत असेल.

समजा, शस्त्रक्रिया ठरली. ती होते कशी? मुलाला पूर्ण भूल देतात, त्यामुळे त्याला काही कळत नाही. तोंडातूनच काम होते, बाहेर कुठे चीर नाही की टाका नाही. मान थोडी मागे करून तोंड उघडे राहील असा चिमटा बसवतात, गाठ तिच्या आवरणासह भोवतालच्या स्नायूपासून सोडवतात आणि रक्तवाहिन्या बांधून किंवा विजेच्या उष्णतेने बंद करतात. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. आधी रक्त तपासतात. या वेळी आपणहून सांगायच्या गोष्टी अशा : घरात कोणाला जखमेतून फार वेळ रक्त वाहते का, मुलाचे दात हलत आहेत का, दमा आहे का, कोणती औषधे चालू आहेत. नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. तो तपास झालेला नसेल तर आधी करून घ्यावा, असेल तर सांगावा. घसा नुकताच धरलेला असेल तर शस्त्रक्रिया दोन-तीन आठवडे पुढे ढकलतात. आणि उपाशी ठेवायला सांगितले असेल तितके तास उपाशीच ठेवा. साधारण सहा तास अन्न व दूध नाही, दोन तास पाणीही नाही. आजीने कळवळून दिलेले अर्धे बिस्किट भुलेत उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. तिथे माया आड येऊ देऊ नका.

खरी कसोटी घरी आल्यावर असते. घशात दोन ताज्या जखमा असतात. त्यांवर पांढरा-पिवळा थर धरतो. तो पू नव्हे, जखमेची खपली आहे, ती खरवडू नये. तोंडाला वास येतो, कानात ठणकते. कान बिघडलेला नसतो; घशाची आणि कानाची नस एकच, म्हणून दुखणे तिकडे जाणवते. दहा-बारा दिवस दुखते, तेव्हा डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेले पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन वेळेवर द्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. कोडीन असलेले औषधही देऊ नका. त्याने काही मुलांचा श्वास मंदावतो, म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने शस्त्रक्रियेनंतर ते मुलांना देण्याविरुद्ध कडक इशारा दिला. मुलाला पाणी पाजत राहा. घोट घोट का होईना, दिवसभर. गार दूध, ताक, पेज, मऊ भात, खीर चालते. आइस्क्रीम मागितले तर खुशाल द्या. कोकमासारखे लाल पेय देऊ नका, म्हणजे उलटी झाली तर रक्त की सरबत असा घोळ होणार नाही. दोन आठवडे शाळा, पळापळ, जत्रा, लांबचा प्रवास बंद.

आता सर्वांत महत्त्वाचे. धोका आहे तो रक्त जाण्याचा. एक तर पहिल्या चोवीस तासांत, नाही तर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, खपली सुटते तेव्हा. शंभरात दोन ते पाच जणांना असे होते. बहुतेकांचे लवकर थांबते, जीव जाण्याची वेळ फारच क्वचित येते. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. वीस किलोच्या मुलाच्या अंगात सारे रक्त असते सुमारे दीड लिटर. तेव्हा मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारे वाटीभर रक्त मुलाला फार मोठे असते. लाल ताजे रक्त थुंकले, रक्ताची उलटी झाली, किंवा झोपेत मूल सारखे सारखे घोट गिळू लागले, तर उजाडायची वाट पाहू नका. त्याला बसते किंवा कुशीवर ठेवा, काही खायला-प्यायला देऊ नका आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून थेट इस्पितळ गाठा. म्हणूनच घर आडवाटेला असेल, पावसाळ्यात ओढ्याला पूर येऊन रस्ता बंद होत असेल, तर शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या सुट्टीत करावी, किंवा ते दहा-बारा दिवस तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे राहावे. शाळाही बुडत नाही आणि इस्पितळही जवळ राहते.

पुष्कळांना वाटते, गाठी काढल्यावर अंगातली शक्ती जाईल, आवाज बदलेल. गाठी गेल्या तरी घशाभोवतीचे बाकीचे कडे आणि अंगातल्या इतर गाठी काम चालू ठेवतात. मूल दुबळे होत नाही. फार मोठ्या गाठी काढल्यावर आवाजाचा घोगरेपणा थोडा मोकळा होतो, इतकेच. पण एक गैरसमज मात्र घातक आहे. तो असा की, गाठी काढल्या म्हणजे सांधेज्वराची काळजी मिटली. तसे मुळीच नाही! तो जंतू घशाच्या उरलेल्या भागातही घर करू शकतो. ज्या मुलाला एकदा सांधेज्वर झाला आहे, त्याने डॉक्टर सांगतील तितकी वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतलेच पाहिजे, मग गाठी असोत वा नसोत.

तपासणीसाठी कुठे जायचे? प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात कानघशाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना तपासायला येते. त्यांच्या यादीत सांधेज्वराने होणारा हृदयरोगही आहे. पथक येईल त्या दिवशी ज्यांचा घसा वारंवार धरतो, ज्यांना धाप लागते, ज्यांचे सांधे सुजतात, अशा मुलांची नावे शिक्षकांनी आधीच काढून ठेवली, तर घाईगर्दीत कोणी सुटणार नाही.

तेव्हा आजीने गाठी राखायला सांगितले ते बहुतेक मुलांच्या बाबतीत बरोबर आहे. शेजारणीचा सल्ला थोड्या मुलांच्या बाबतीत बरोबर आहे. आपले मूल कोणत्या गटातले, हे आजीला किंवा शेजारणीला विचारून कळणार नाही, नुसते तोंडात पाहूनही कळणार नाही. ते त्या पाच रकान्यांच्या वहीवरून कळेल. उद्या बाजारातून येताना एक चाळीस पानी वही घेऊन या, पहिल्या पानावर मुलाचे नाव घाला, आणि पुढच्या वेळी घसा धरला की त्याच दिवशी तारीख टाका.